संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायने: सरकारी चाचणी नेमके काय विचारते?

एका वाचक मातेने विचारलेला प्रश्न असा आहे: “बाळाच्या दुधाच्या बाटलीवर ‘बीपीए-फ्री’ असे छापलेले असते. याचा अर्थ, बिस्फेनॉल-ए हे रसायन शरीरातील हार्मोनमध्ये गडबड करते, हे सरकारने मान्य केले आहे. मग तेच रसायन डबाबंद खाद्यपदार्थांच्या डब्याच्या आतल्या लेपात इतकी वर्षे कसे चालले? आणि मोठमोठ्या देशांत सरकारी संशोधन चालू असूनही त्याचा एकदाचा निकाल का लागत नाही?”

मी पंचवीस वर्षे विषशास्त्राच्या चाचणी प्रयोगशाळांत काम केले आहे आणि ज्या चाचण्यांच्या आधारे असे निर्णय घेतले जातात त्यांतल्या काही स्वतःच्या हातांनी केल्या आहेत. त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देते. आधी प्रश्नातले एक गृहीतक दुरुस्त करायला हवे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये दुधाच्या बाटल्या व लहान मुलांचे पेले यांतील पॉलिकार्बोनेट या बीपीएयुक्त कडक प्लास्टिकची परवानगी काढून घेतली, हे खरे आहे. परंतु तो निर्णय सुरक्षिततेच्या मुद्द्यावर झालेला नाही. रसायन उद्योगाच्या संघटनेनेच अर्ज केला होता की उत्पादकांनी हा वापर आता सोडून दिला आहे, तेव्हा परवानगीची गरज उरलेली नाही. आणि प्रशासनाने तेवढेच मान्य केले. पुढच्या वर्षी बाळांच्या दूध-पावडरीच्या डब्यांतील लेपाबाबतही ‘वापर बंद झाला’ हेच कारण नोंदवले गेले. पालकांनी बाटल्या घेणे थांबवले, कारखान्यांनी माल बदलला आणि कायदा सर्वांत शेवटी आला. सुरक्षिततेच्या मूळ प्रश्नाला त्या आदेशाने हातही लावला नाही.

हे मुद्दाम आधी सांगितले, कारण साऱ्या गुंत्याचे मूळ इथेच आहे. सरकारी यंत्रणा एखाद्या रसायनाला कायद्याने ठरवून दिलेला, चाचणीत बसणारा असा एक मर्यादित प्रश्न विचारते आणि तिचे उत्तर तेवढ्याच प्रश्नाचे असते. बाहेर मात्र ते ‘सुरक्षित’ किंवा ‘घातक’ अशा एका शब्दात पोहोचते.

या विषयाचा इतिहास प्लास्टिकपासून नव्हे, एका औषधापासून सुरू होतो. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांच्या गटाने १९३८ मध्ये डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) तयार केले. (याच डॉड्स यांनी बिस्फेनॉल-ए मध्येही इस्ट्रोजेनसारखा गुण असल्याचे १९३६ मध्ये नोंदवले होते. तेव्हा ‘हे रसायन असे वागते हे कोणाला ठाऊक होते?’ असे म्हणायला जागा नाही.) गर्भपात टळावा म्हणून डीईएस गर्भवतींना दिले जाऊ लागले. त्याचा काही उपयोग होत नाही, असे शिकागो विद्यापीठातील नियंत्रित अभ्यासाने १९५३ मध्ये दाखवले, तरी ते लिहून दिले जातच राहिले. पुढे १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी योनीमार्गाच्या एका अतिशय दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणींच्या आईने गरोदरपणी डीईएस घेतले होते. औषध आईने घेतले, आईला त्या वेळी त्याने काही झाले नाही आणि लेकीला आजार झाला तो वयात आल्यानंतर. विषाची मात्रा वाढवत न्यायची आणि प्राणी कधी आजारी पडतो ते पाहायचे, ही आमच्या शास्त्राची जुनी रीत अशा परिणामापुढे अपुरी पडते. गर्भात अवयव घडत असतानाचे काही थोडेच दिवस निर्णायक असतात. त्या दिवसांत चुकीचा संदेश पोहोचला तर घडणच बदलते आणि पुढे रसायन शरीरातून निघून गेले तरी ती बदललेली राहते.

वन्यजीव, औषधे आणि कीटकनाशके यांवर स्वतंत्रपणे काम करणारे एकवीस शास्त्रज्ञ जुलै १९९१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात विंगस्प्रेड येथे एकत्र आले. प्राणिशास्त्रज्ञ थिओ कोलबॉर्न यांनी बोलावलेल्या त्या बैठकीत ‘अंतःस्रावी यंत्रणेत व्यत्यय’ ही संकल्पना प्रथमच एकत्रितपणे मांडली गेली. पाचच वर्षांनी, ऑगस्ट १९९६ मध्ये, अमेरिकेने अन्न गुणवत्ता संरक्षण कायदा केला आणि पर्यावरण संरक्षण संस्थेला बजावले, की इस्ट्रोजेनसारखा परिणाम करणारी कीटकनाशके शोधण्याचा कार्यक्रम दोन वर्षांत तयार करावा आणि तीन वर्षांत अमलात आणावा. संस्थेने सल्लागार समितीच्या शिफारशीवरून इस्ट्रोजेनच्या जोडीला अँड्रोजेन (पुरुष-संप्रेरके) आणि थायरॉइडही घेतले. कागदावर हे सारे वेळेत झाले. पण कंपन्यांना चाचण्यांचे पहिले आदेश गेले ते ऑक्टोबर २००९ मध्ये, ६७ रसायनांच्या पहिल्या यादीसाठी. कायदा झाल्यापासून तेरा वर्षे गेली होती.

ही तेरा वर्षे केवळ आळसाची होती असे मी म्हणणार नाही. ज्या चाचणीच्या निकालावर एखाद्या कंपनीचे उत्पादन बंद होऊ शकते, ती चाचणी जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत केली तरी तोच निकाल यायला हवा. असे सिद्ध करण्याला आम्ही प्रमाणीकरण म्हणतो आणि ते किती किचकट असते हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गर्भाशय-वजनाची चाचणी घ्या. वरवर पाहता इतकी साधी चाचणी दुसरी नाही. अठराव्या दिवसाच्या, अजून वयात न आलेल्या मादी उंदरांना सलग तीन दिवस रसायन द्यायचे, शेवटच्या मात्रेनंतर चोवीस तासांनी गर्भाशय काढायचे आणि तोलायचे. रसायन इस्ट्रोजेनसारखे वागत असेल तर गर्भाशय फुगते. प्रत्येक गटात किमान सहा प्राणी लागतात. प्रत्यक्षात त्या पिल्लाचे गर्भाशय जाड सुतासारखे असते. भोवतीची चरबी चिमट्याने सोडवताना आतला द्रव सांडला तर ओले वजन हातचे गेले. मग ते उभे चिरून, ओलसर टिपकागदावर हलकेच टिपून पुन्हा तोलायचे. दोन माणसांनी केले की दोन वजने येतात, म्हणून एका अभ्यासातली सारी गर्भाशये शक्यतो एकाच हाताने सोडवावी लागतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेप्रमाणे, ज्यांना रसायन दिलेलेच नाही त्या प्राण्यांचे टिपलेले गर्भाशय शरीराच्या वजनाच्या ०.०९ टक्क्याच्या वर गेले तर काहीतरी चुकते आहे असे समजायचे. चाळीस ग्रॅमच्या पिल्लात हा आकडा ३६ मिलिग्रॅम होतो.

मी ज्या एका प्रयोगशाळेत होते तिथे एकदा नेमके हेच झाले. रसायन न दिलेल्या गटातली गर्भाशये चाळीस-बेचाळीस मिलिग्रॅम भरू लागली. आम्ही तराजू तपासला, हात तपासले, पिल्लांची वये तपासली. अखेर दोष सापडला तो खाद्यात. पुरवठादाराने नवीन खेप पाठवताना सोयापेंडीचे प्रमाण वाढवले होते. सोयाबीनमध्ये जेनिस्टीनसारखी वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन असतात. खाद्याच्या एका ग्रॅमला ३५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इतकी ती असू नयेत, अशी सूचना त्यासाठीच आहे. आमची नियंत्रित, म्हणजे तुलनेसाठी रसायन न दिलेली, पिल्ले अगोदरच इस्ट्रोजेन खात होती. अशा वेळी सौम्य रसायनाचा परिणाम दिसणारच नाही आणि अहवालात ‘परिणाम आढळला नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले जाईल. तो अख्खा अभ्यास आम्ही रद्द केला. तेव्हापासून ‘परिणाम आढळला नाही’ हे वाक्य दिसले की मी आधी नियंत्रित गटाचा तक्ता उघडते. हा प्रसंग दूरचा वाटू नये. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या परस्पर-मान्यता व्यवस्थेत भारत २०११ पासून पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील असा अहवाल युरोप-अमेरिकेतही ग्राह्य धरला जातो.

त्या पहिल्या यादीचे पुढे काय झाले? काही उत्पादने कंपन्यांनीच मागे घेतली आणि २०१५ मध्ये ५२ रसायनांचे निकाल आले. वीस रसायनांत इस्ट्रोजेन, अँड्रोजेन वा थायरॉइड यांपैकी कोणत्याच संप्रेरकाच्या मार्गाशी संबंध आढळला नाही. चौदांत आढळला, पण त्यांच्याबद्दल पुरेशी माहिती आधीच असल्याने पुढील चाचणीची गरज नाही असे पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवले. उरलेल्या अठराही रसायनांत थायरॉइडच्या मार्गाशी संभाव्य संबंध दिसला. मला या शेवटच्या आकड्याची सर्वाधिक काळजी वाटते. लोकांचे लक्ष प्रजननाकडे असते, पण गर्भाचा मेंदू घडतो तो आईकडून मिळणाऱ्या थायरॉइड संप्रेरकावर. पुढील टप्प्याच्या चाचण्या तातडीने व्हायला हव्या होत्या. संस्थेच्याच महानिरीक्षकांनी जुलै २०२१ च्या अहवालात नोंदवले, की या कार्यक्रमाने कीटकनाशकांच्या मूल्यांकनात मर्यादितच प्रगती केली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये शेतमजूर आणि पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थेने नवा आराखडा जाहीर केला. दरम्यान एक चांगली गोष्टही घडली. पेशींवरच्या अठरा स्वयंचलित चाचण्या एकत्र करून केलेले संगणकीय प्रारूप गर्भाशय-वजनाच्या चाचणीला पर्याय म्हणून २०१५ मध्ये स्वीकारले गेले. त्यामुळे हजारो प्राणी वाचतील आणि रसायनांची रांगही लवकर पुढे सरकेल. तरीही इन्सुलिन, चरबीच्या पेशी, अधिवृक्क ग्रंथी हे सारे या ठरावीक चाचण्यांच्या बाहेरच आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नातील बीपीएकडे येते. अमेरिकेने जुनी सुरक्षित मात्रा काढली ती १९८२ च्या एका सरकारी कर्करोग-अभ्यासावरून: त्यातील सर्वांत कमी मात्रा दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅम होती, तिला हजाराने भागून ५० मायक्रोग्रॅम हा आकडा ठरला. म्हणजे ५० मायक्रोग्रॅमला काय होते हे कोणी पाहिले नव्हते. ते भागाकाराने आले होते. विषाच्या बाबतीत हा भागाकार बहुधा चालतो. संप्रेरकाच्या बाबतीत चालेलच असे नाही, कारण संप्रेरकाचा संदेश टिपणारे पेशींतील ग्राहक-रेणू अत्यल्प मात्रेलाही प्रतिसाद देतात आणि मात्रा फार वाढली की शरीर तो प्रतिसाद आवरते. विद्यापीठांतील संशोधक कमी मात्रेचे परिणाम दाखवत राहिले, आणि नियामक म्हणत राहिले की हे अभ्यास लहान आहेत, प्रमाणित पद्धतीने केलेले नाहीत.

हा वाद मिटावा म्हणून २०१२ मध्ये ‘क्लॅरिटी-बीपीए’ हा प्रकल्प सुरू झाला, आणि सरकारी संशोधनाचा इतका उमदा प्रयत्न माझ्या पाहण्यात दुसरा नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या आर्कान्सामधील विषशास्त्र केंद्रात प्रमाणित पद्धतीने मुख्य अभ्यास करायचा आणि त्याच प्राण्यांचे अवयव चौदा विद्यापीठीय गटांना द्यायचे. कोणता नमुना कोणत्या मात्रेचा हे त्यांना आधी सांगायचे नाही. मात्रा दर किलो वजनाला २.५ पासून २५,००० मायक्रोग्रॅमपर्यंत होत्या. मुख्य अभ्यासाचा निकाल २०१८ मध्ये आला. प्रशासनाने सांगितले की परिणाम अगदी थोडे आहेत आणि मान्य वापर सुरक्षित आहेत. पण त्याच अहवालात, फक्त दूध तुटेपर्यंत रसायन दिलेल्या माद्यांमध्ये, २.५ मायक्रोग्रॅम या सर्वांत कमी मात्रेला स्तनग्रंथीचा कर्करोग वाढलेला दिसतो. वरच्या मात्रांना तो तसा दिसत नाही. मात्रेबरोबर वाढत न जाणारा परिणाम प्रशासनाने योगायोग मानला, तर विद्यापीठीय गटांपैकी अनेकांच्या मते संप्रेरकाकडून अपेक्षित आहे ते हेच. त्याच केंद्रातील आधीच्या अभ्यासात, बीपीए न दिलेल्या प्राण्यांच्या रक्तातही ते आढळले होते, आणि तेही २.५ मायक्रोग्रॅम दिलेल्या प्राण्यांच्या जवळपास इतके. आमच्या सोयापेंडीची गोष्ट तिथे दुसऱ्या रूपात घडली होती.

माझे मत विचाराल तर, एकाच सांख्यिकीय निष्कर्षावरून बंदी घालू नये, हे प्रशासनाचे म्हणणे योग्य आहे. पण तोच निष्कर्ष ‘मात्रेबरोबर वाढत नाही’ एवढ्या कारणाने बाजूला ठेवणे मला पटत नाही. वाद मिटवण्यासाठी केलेल्या प्रयोगाचे निकाल वादातल्याच जुन्या फूटपट्टीने मोजले तर प्रयोग करण्यात अर्थ उरत नाही.

युरोपचा रस्ता निराळा आहे. तिथल्या कायद्यात ‘अंतःस्रावी व्यत्यय’ हा स्वतंत्र धोका मानला आहे. एखादे कीटकनाशक त्या व्याख्येत बसले तर किरकोळ अपवाद वगळता त्याला मान्यता मिळत नाही. माणसाच्या शरीरात ते किती जाते हा हिशेब दुय्यम ठरतो. पण मग व्याख्या काय, यावरच वर्षे गेली. निकष ठरवण्याची मुदत डिसेंबर २०१३ ची होती. ती उलटली म्हणून स्वीडनने युरोपीय आयोगालाच न्यायालयात खेचले आणि डिसेंबर २०१५ मध्ये निकाल स्वीडनच्या बाजूने लागला. जैवनाशके (जंतुनाशकांसारखी रसायने) आणि कीटकनाशके यांचे निकष २०१८ मध्ये लागू झाले. बीपीएच्या बाबतीत युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दर किलो वजनाला रोज चालणारी मात्रा २००६ मध्ये ५० मायक्रोग्रॅम धरली होती, २०१५ मध्ये ४ मायक्रोग्रॅम आणि एप्रिल २०२३ मध्ये थेट ०.२ नॅनोग्रॅम. शेवटची घट वीस हजारपट आहे आणि ती उंदरांच्या प्लीहेतील एका प्रकारच्या प्रतिकारपेशी वाढल्याच्या निष्कर्षावर आधारलेली आहे. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने हे मान्य केले नाही. तिचा आकडा २०० नॅनोग्रॅम, म्हणजे हजारपट मोठा आहे. पण तोही जुन्या आकड्यापेक्षा खूप कमी आहे. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये युरोपने अन्नाशी संपर्कात येणाऱ्या वस्तूंतील बीपीएवर बंदी स्वीकारली. डब्यांच्या लेपाचा आपला प्रश्न तिथे आता निकाली निघतो आहे. अमेरिकेत अजून नाही.

जिथे नियमन खरोखर यशस्वी झाले असे एक उदाहरण आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगात ट्रायब्युटिलटिन असे. त्यामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नरासारखे लिंग फुटते. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातील कालवांची (खाद्य शिंपल्यांची) शेती कोलमडली तेव्हा १९८२ मध्ये तिथे लहान बोटींवर हा रंग बंद झाला, आणि २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो २००८ मध्ये अमलात आला, जगभर. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हाच विकार आपल्या पाण्यातील गोगलगायींत नोंदवला होता. त्यांतील एका जातीच्या नावातच ‘कोंकणेन्सिस’ आहे. इथे नियमन का जमले? विकार डोळ्यांना दिसत होता, दुसऱ्या कशाने तो सहसा होत नव्हता आणि दोषी रसायन एकाच प्रकारच्या मालात होते. बीपीए किंवा थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) यांच्या बाबतीत यातले काहीच नाही. अमेरिकेच्या २००३-०४ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत तपासलेल्या २,५१७ जणांपैकी ९२.६ टक्के लोकांच्या लघवीत बीपीए आढळले. जवळजवळ सर्वांच्याच शरीरात असलेल्या पदार्थाची तुलना करायची तरी कोणाशी?

आपल्या देशात याविषयी शास्त्र आहे, कायदा तुकड्यातुकड्यांत आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने २००९ मध्येच दाखवले होते, की जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बीपीए मिळालेल्या नर उंदरांची प्रजननक्षमता पुढे घटते. भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये दुधाच्या बाटल्यांचे मानक बदलून त्या बीपीए-मुक्त असाव्यात असे ठरवले. खेळण्यांच्या मानकात थॅलेटची मर्यादा आहे आणि जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक चिन्ह सक्तीचे आहे. एंडोसल्फान या कीटकनाशकावर मे २०११ मध्ये बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, तीही केरळमधील कासरगोडच्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे झगडल्यानंतर. परंतु नवीन कीटकनाशकाची नोंदणी करताना ‘हे संप्रेरकांत ढवळाढवळ करते का?’ असा थेट प्रश्न विचारणारी स्वतंत्र व्यवस्था आपल्या १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात नाही. अमेरिकेसारखी ठरावीक काळाने होणारी, देशभरातील रक्त-लघवीतील रसायनांची पाहणीही आपल्याकडे नाही. माझ्या मते पहिली गरज या पाहणीची आहे. विदर्भातील फवारणी करणाऱ्या शेतमजुराच्या किंवा त्याच्या गरोदर बायकोच्या शरीरात नेमके काय आणि किती आहे हे ठाऊक नसताना, उसन्या आकड्यांवर मर्यादा ठरवत बसावे लागते.

आता आपल्या हातातल्या बाटलीबद्दल. ‘बीपीए-फ्री’ याचा अर्थ त्या प्लास्टिकमध्ये बीपीए वापरलेले नाही, एवढाच. त्याऐवजी कित्येक वस्तूंत, विशेषतः दुकानातल्या पावतीच्या कागदात, बिस्फेनॉल-एस आले. त्याची रचना बीपीएच्या इतकी जवळची आहे, की पेशींवरच्या चाचण्यांत तेही इस्ट्रोजेनसारखे वागलेले दिसते. बाटलीवर मानक चिन्ह आहे का ते पाहा. दूध बाटलीत गरम करू नका. स्टीलच्या भांड्यात गरम करून कोमट झाल्यावर ओता. ओरखडे पडून धुरकट झालेली प्लास्टिकची बाटली टाकून द्या. शक्य असेल तर वाटी-चमचा किंवा काचेची बाटली वापरा. यातले काहीही घबराटीने करण्यासारखे नाही. आणि यापुढे ‘अमुक रसायन सुरक्षित असल्याचे सरकारी अभ्यासात सिद्ध’ अशी बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा: प्राण्याला ते कोणत्या वयात दिले होते, सर्वांत कमी मात्रा किती होती, आणि नियंत्रित गटाच्या शरीरात ते आधीपासून नव्हते हे कोणी तपासले होते का.